बोअरच्या पाण्यावरचा मका

तुमच्या काकाने पाठवलेला मक्याचा फोटो पाहून तुम्ही दोघांनी तिकडून लगेच अंगठे उंचावलेत, आणि धाकटीने विचारलं, "आजी, ऑरगॅनिक आहे ना?" फोटो चांगला आला आहे, हे मी नाकारत नाही. मधोमध इस्त्रीच्या शर्टात काका, मागे डोक्याच्या वर गेलेला मका, बाजूला झेंडूची माळ घातलेलं निळं पिंप. पण फोटोला वास नसतो. त्या पिंपाचा वास तुमच्यापर्यंत पोचला असता, तर तुम्ही अंगठे दाखवायच्या ऐवजी नाक धरलं असतं. म्हणून हे लिहिते आहे, आणि क्रमाने लिहिते आहे. क्रम सोडला की या घरात प्रत्येकजण आपल्या सोयीचं तेवढंच सांगतो.

आपलं गाव नांदुरा तालुक्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, खोल, कोणालाही हेवा वाटावा अशी. जमिनीखाली पाणीही आहे, पण ते खारट. त्यामुळे इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पावसावरच पिकवत आली: कापूस, तूर, ज्वारी, ओल राहिली तर हरभरा. उन्हाळ्यात शेतं मोकळी, भेगाळलेली, आणि त्या भेगांत वासराचा पाय अडकेल इतकी रुंदी.

मी लग्न होऊन अमरावतीहून इथे आले. शाळा नन्सची, कॉलेज इंग्रजीतून, आणि घरी गोड्या विहिरीचं पाणी. इथे पहिल्या सकाळी सासऱ्यांसाठी चहा टाकला, त्यात दूध ओतलं आणि ते नासलं. दुसरं दूध घेतलं, तेही नासलं. मी रडकुंडीला आले. सासऱ्यांनी तो गाठी गाठी झालेला चहा बशीत ओतून शांतपणे पिऊन टाकला आणि मिशा पुसल्या. मला त्या क्षणी मळमळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या पाण्याबद्दलची माझी मळमळ नंतर कधी गेलीच नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, साबणाचा चिकट साका तेवढा अंगावर बसतो. पुढे माझा शब्द घरात चालू लागला, तेव्हा मी अंगणाखाली टाकी बांधून घेतली. स्लॅबवरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून त्या टाकीत उतरतं. झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. तुमचा काका त्या टाकीला "आईचं तीर्थ" म्हणतो. म्हणू दे. दिवाळीपासून पुढचा पाऊस येईपर्यंत माझं पिणं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं त्या टाकीवर चालतं.

आता काकू. तिचं माहेर धामणगाव बढ्याकडचं. लग्नानंतर वर्षभराने तिच्या वडिलांनी तिला एक गाय आणून दिली. त्या एकीच्या आता चार झाल्या आहेत. दूध डेअरीत जातं आणि गायींचं सगळं तीच बघते. मला स्वतःला गायी आवडत नाहीत. त्यांची लाळ, शेणाने माखलेली शेपटी तोंडावर फटकारणं, गोचिडी, हे मला कधीच जमलं नाही. पण काकू गोठ्यात असते तेव्हाच ती मोठ्याने बोलते, एवढं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे. घरात ती हळू बोलते.

यंदा थंडीत एका संध्याकाळी जेवताना काकाने जाहीर केलं, "बोअर मारतो घरामागच्या वावरात. अर्धा एकर मका लावू हिरव्या चाऱ्यासाठी. उन्हायाभर कुटार खाऊन गायी आटून राह्यल्या, मंग ठेवाच्या कायले?"

कुटार म्हणजे तुरीचा, सोयाबीनचा वाळका भुसा; आणि इकडच्या बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो, उन्हाळ्याचा उन्हाया, होळीची होयी.

"अन् मका नाही झाला तं?" काकूने विचारलं.

"तं होयीनंतर दलालाले बोलावतो."

"चारी?"

"चारी नाही तं काय, दोन ठेवून पूजा कराची?"

काकूने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, आणि तो तसाच राहिला.

बोअर झालं. यंत्राने जमिनीतून उडवलेला राखाडी गाळ माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसला. पाणी लागलं तेव्हा गावातली चार माणसं जमलीच होती. काकाने ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड हाये!"

दुसऱ्याने चूळ भरली. "एकदम गोड. काय बे, लॉटरीच लागली तुले."

"हे तं नयाच्या पान्याहून गोड हाये," तिसरा म्हणाला.

मी तांब्या मागून घेतला. एक घोट तोंडात धरला आणि बाजूला थुंकून टाकला. "खारट आहे," मी म्हटलं. "चांगलंच खारट आहे."

"आई, तुले तं सगयंच खारट लागते."

"मावशीची जीभ कॉन्व्हेंटात शिकेल हाये ना," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मुलांनो, ती माणसं खोटं बोलत नव्हती, हे तुम्ही नीट समजून घ्या. त्यांनी जन्मल्यापासून हेच पाणी प्यायलेलं आहे. एवढं मीठ म्हणजेच पाण्याची चव, असं त्यांच्या जिभेने कधीच धरून टाकलेलं आहे. बापजाद्यांच्या विहिरीपेक्षा थोडं कमी खारट पाणी लागलं की त्यांच्यासाठी ते गोड. पुण्याचा माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करील, आणि हे त्याला दुसरा पेला भरून देतील. या पट्ट्यात ही चूक माणसं प्रामाणिकपणे करतात. पण मक्याला यांची जीभ नाही.

मी आत जाऊन त्याच पाण्याचा दूध घातलेला चहा केला आणि पातेलं त्यांच्यासमोर आणून ठेवलं. वर दुधाच्या गाठी, खाली हिरवट पाणी.

काका म्हणाला, "चहा फाटला म्हनून मका फाटते का, आई?"

यावर ते इतके हसले की मला त्यांचे पानाने रंगलेले सगळे दात दिसले. आणि मग, मी सांगते तुम्हाला, त्यांनी तो चहा प्यायला. एकाच्या मिशीला गाठ अडकली होती, ती त्याने जिभेनेच काढून घेतली.

पाणी तपासून आण, असं मी काकाला बजावलं. धुतलेल्या बरणीत नमुना भरून दिला. ती बरणी त्याच्या मोटारसायकलच्या पेटीत तळाला हिरवं शेवाळ धरेपर्यंत फिरली.

मिठाचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात त्याने ऐकलं होतं की सेंद्रिय खत भरपूर घातलं तर खाऱ्या पाण्याचा त्रास कमी होतो. हे खोटं नाही. चांगलं कुजलेलं शेणखत आपल्या चिकट काळ्या मातीला मोकळी करतं आणि मीठ खाली उतरायला वाट मिळते. पण काकाने भाषण अर्धंच ऐकलं. उरलेल्या अर्ध्या वेळात तो जेवणाच्या रांगेत होता, हे त्यानेच मला नंतर सांगितलं, बुंदी कशी होती तेही सांगितलं.

त्याने निळं प्लास्टिकचं पिंप आणलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलं, कारण सावली तिथे असते. त्यात शेण, गोमूत्र, माझ्या डब्यातला चांगला गूळ, माझ्याच डब्यातलं बेसन, बांधावरची मूठभर माती, आणि हे सगळं भिजवायला बोअरचं पाणी. तो सकाळ-संध्याकाळ ते काठीने ढवळायचा. वर फेस यायचा, फेसाचे बुडबुडे फुटायचे आणि प्रत्येक बुडबुड्यातून एक वास सुटायचा. तो कशासारखा म्हणून सांगू? कुजलेला गूळ, लघवी आणि ओलं गोणपाट एकत्र केलं तर कदाचित जवळपास जाईल. माशा इतक्या झाल्या की खिडकीची जाळी काळी दिसू लागली. पिंपाच्या कडेला पांढऱ्या अळ्या चढू लागल्या.

"आई, वास तं घेऊन पाह्य, आंबूस गोड येते," काका काठी माझ्या नाकाशी आणून म्हणाला.

"ती काठी बाजूला घे आणि हात धू."

तो हात धुवायचा. पण त्या पाण्यात साबण निघतही नाही आणि लागतही नाही. मग तेच हात घेऊन भाकरी मोडायला बसायचा. मी पुढे बरेच दिवस माझं ताट घेऊन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवले.

एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. एका दुपारी जेवायच्या वेळेला ट्रॉली आली आणि दारासमोर कोंबड्यांच्या शेडमधलं खत ओतून गेली. खत कसलं, ताजी घाण होती ती: ओली विष्ठा, लाकडाचा भुसा, पिसं, फुटक्या अंड्यांची टरफलं, आणि त्यात एक अख्खा कोंबडीचा पाय, नखांसकट. उन्हाने ते तापलं आणि डोळ्यांत झोंबू लागलं. वाऱ्याने पिसं घरात आली. माझ्या वरणात एक पांढरं पीस सापडलं. मी ते ताट तसंच उचलून काकासमोर ठेवलं.

"पीसच हाये, आई. काहाडून टाक ना."

"गोमूत्र, ताजं शेण, कोंबडीची विष्ठा, या सगळ्यात क्षार असतात," मी त्याला म्हटलं. "पाणी आधीच खारट आहे. तू मिठात आणखी मीठ कालवतो आहेस."

"हे सेंद्रिय मीठ हाये. हे बाधत नाही."

हे वाक्य मी बनवून लिहिलेलं नाही. तुमच्या काकाने ते अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं.

पेरणी झाली. कोंबडखत पसरलं, पिंपातलं सूप सऱ्यांमधून सोडलं. पाणी थोडं खारट असलंच तर थोडं थोडं द्यावं, असा त्याचा हिशोब. म्हणून तो रोज वरवर शिंपडल्यासारखं पाणी द्यायचा. ते पाणी उन्हाने उडून जायचं आणि मीठ तिथेच बसायचं. काही दिवसांत वरंब्यांवर, म्हणजे सऱ्यांमधल्या उंचवट्यांवर, पांढरा पापुद्रा आला, त्याच्यावर पिंपातल्या रसाचे पिवळट डाग. दुरून पाहिलं तर कोणी रात्रभर ओकून गेलंय असं ते वावर दिसायचं. मका उगवला तो असा, एक इथे, एक तिथे, पानांची टोकं काडीने जाळल्यासारखी. काकूने एका जागी बोटाने माती उकरली. बी फुगून काळं पडलं होतं, चिमटीत घेतलं तर त्यातून पू यावा तसं पांढरं पाणी आलं. तिने ते मला दाखवलं. मी तोंड फिरवलं.

"बियानंच डुप्लिकेट होतं," काकाने निकाल दिला आणि मोबाइल काढून दलालाला फोन लावला.

गायी पुन्हा कुटारावर आल्या. दूध कमी झालं. काकू रडली-बिडली नाही, ती तशी नाही. एक दिवस मी तूर निवडत बसले होते तेव्हा ती येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, एक मागू?"

"नाही."

"अजून मागतलं कुठी?"

"तू टाकीच्या झाकणाकडे बघते आहेस."

ती थोडी हसली, मग खाली बसली. "मक्याले फुटेपर्यंत गोड पानी पाह्यजे. लहान असते तं त्याले मीठ सोसत नाही. गुडघ्याएवढा झाला का मंग खारं बी पचवते. तांब्या तांब्या टाकला एकेका आयात तं टाकी पुरते."

आळं म्हणजे बी टाकायला केलेला छोटा खड्डा, तिच्या तोंडी ते आयं. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मलाही ठाऊक होतं. शेतीच्या एका पुस्तकात मी हेच वाचलेलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या टाकीचं झाकण उघडणं वेगळं. टाकी रिकामी म्हणजे पाऊस येईपर्यंत माझी आंघोळ, माझी डाळ, माझा चहा, सगळं त्या बोअरवर. मी विचार करते म्हटलं. खरं तर मी नाहीच म्हणणार होते.

त्या संध्याकाळी काका ओट्यावर बसून दलालाशी फोनवर बोलत होता. "हो, चार नग हायेत," तो म्हणाला. "दोन जुने नग, दोन नवे." पलीकडून काहीतरी विनोद झाला असावा, कारण तो खो खो हसला आणि हसता हसता पिंपाच्या काठीने पाठ खाजवू लागला. काकू तिथेच दूध गाळत होती. मला त्या माणसाची, माझ्या पोटच्या मुलाची, अशी किळस आली की मी उठले, आत गेले आणि किल्ली आणून काकूच्या हातात दिली. गायींच्या मायेने मी ती दिली, असं तुम्ही समजू नका.

काकूने वावराचा वरचा पांढरा थर फावड्याने खरवडून घमेल्याने बाहेर टाकला. गोठ्यामागच्या खड्ड्यात जुनं शेणखत होतं, काळं, भुसभुशीत, अजिबात वास नसलेलं. या सगळ्या प्रकरणात मला हात लावावासा वाटला ती ही एकच गोष्ट. सऱ्या नव्याने पाडल्या. बी वरंब्याच्या माथ्यावर लावू नये, बाजूच्या उतारावर लावावं, कारण पाणी चढतं तसं मीठ माथ्यावर जाऊन बसतं, हे मी सांगितलं आणि तिने ऐकलं. टाकीत छोटी मोटर सोडली, पाइप वावरात नेला. मी अंगणात खुर्चीवर बसून बटन सांभाळलं.

"चालू करा!" काकू ओरडायची.

थोड्या वेळाने, "बंद! बंद करा, आत्याबाई!"

"सांडलं का?"

"नाही सांडलं!"

"मला दिसतंय, सांडलं!"

"मातीतच सांडलं, आत्याबाई, चंद्रावर नाही गेलं!"

गोठ्यात असते तसा तिचा आवाज लागला होता. काका मध्येच पिंपातलं बादलीभर सूप घेऊन आला. हे घातल्याशिवाय कसं होईल, त्याचं म्हणणं. काकूने त्याला अगदी टोकाची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, देऊन टाकल्या. "तिथं घाला तुमचं अमृत, बाकीच्याले हात लावू नोका." त्या दोन तासांवर पुढे एक हिरवं पान दिसलं नाही.

बाकीचं वावर होळीच्या आधी हिरवं झालं. दलालाला "थांब जरा" असं सांगण्यात आलं. मका गुडघ्याला लागला तशी टाकी तळाला गेली आणि बोअर सुरू झालं. आता काकू थोडं थोडं देत नव्हती. एका आड एक सरी भरभरून पाणी द्यायची, म्हणजे मीठ दुसऱ्या अंगाला सरकतं. पानांच्या कडा करपल्या, खालची पानं वाळली, पण मका वाढला. वरंब्यांच्या माथ्यावर मात्र पिठासारखं पांढरं साचत गेलं, पायाखाली ते कुरकुर वाजायचं.

मी काय भोगलं तेही लिहून ठेवते. पिण्याला बाजारचे जार आले, त्यांना प्लास्टिकचा वास. आंघोळ बोअरच्या पाण्याने. केस काथ्यासारखे झाले, अंगाला खाज सुटली, वरण रोज कचकच लागायचं. रोज सकाळी तोंड धुताना मला वाटायचं, कोणीतरी आधी चूळ भरलेलं पाणी मी तोंडात घेते आहे.

आणि मग तो फोटोचा दिवस आला. मक्याला कणसं धरली होती. काकाने व्हॉट्सअॅपवर काय काय पाठवलं कोण जाणे, सकाळी एक गाडी भरून शेतकरी आले, काही वडनेर भोलजीचे, काही धामणगावकडचे. काका इस्त्रीच्या शर्टात. पिंप, तेच पिंप, धुवून अंगणात आणलेलं आणि त्याला झेंडूची माळ. आतल्या कडेला वाळलेल्या अळ्या चिकटलेल्या होत्या, वर माळ.

"निव्वय बोअरचं पानी अन् हे अमृत!" काका पिंपावर थाप मारून म्हणाला. "दुसरं काहीच नाही."

पाहुण्यांनी बोअरचं पाणी चाखलं. "गोडच तं हाये," एक म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"नयाचं, टाकीचं, काही दिलं असंन सुरुवातीले?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"थेंब नाही," काका म्हणाला.

माझ्या अंगाला आंघोळ करूनही खाज सुटलेली होती, अंग खाजवत मी दारात उभी होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांतला एक चाळिशीचा शेतकरी म्हणत होता, "मंग म्या बी मारतो बोअर. दोन एकर लावून देतो. बायकोच्या गायी हायेतच दारात."

काकूने ट्रे ओट्यावर ठेवला. "दादा, इकडं या जरा."

ती त्याला मक्यात घेऊन गेली, बाकीचे मागोमाग गेले. तिने वरंब्याच्या माथ्यावरून नखाने पांढरं खरवडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "चाखा."

त्याने चाखलं आणि त्याचं सगळं तोंड आकसलं. तो थुंकत राहिला.

"हे एका हंगामात वरतं आलं," काकू म्हणाली. "या वावरात येत्या उन्हायात गवत बी येनार नाही. अन् बी फुटलं ते बोअरवर नाही फुटलं, आत्याबाईच्या टाकीतल्या पावसाच्या पान्यावर फुटलं. ते पिंपातलं ज्या तासाले घातलं ते तास तिथं हाये टोकाले, पाहून या. दोन एकरात असं नोका करू."

"तू चहा वाट ना," काका दात आवळून म्हणाला. "तुह्या गायीसाठीच करून राह्यलो ना म्या हे?"

"हाव. अन् येत्या साली गायीले काय घालान? मीठ?"

कोणी हसलं नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, तो कोरा होता, आणि ते गेले. फोटो त्याच्या आधीच काढून झाला होता, म्हणून त्यात सगळे हसतायत.

काका त्या संध्याकाळी घरभर ओरडत फिरला. चार लोकांत नाक कापलं, घरची बाई अशी बोलते का, माहेरी हेच शिकवलं का. काकूने ऐकून घेतलं. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "गायी इकाच्या होत्या ना तुमाले? दोन इकून टाकू."

काकाने लगेच दलालासाठी मोबाइल काढला.

तिने हे त्या मक्यात उभी असतानाच ठरवलं असणार. या मक्याचा मुरघास, म्हणजे कुट्टी करून हवाबंद पिशव्यांत आंबवलेला चारा, दोन गायींना नवं गवत येईपर्यंत पुरेल. चारींना पुरणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात हे वावर बोअरवर भिजवायचंच नाही, पावसाळ्यात ढेंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून तो तिथेच गाडायचा, म्हणजे माती सावरली तर सावरेल. खरं बोलून टाकल्यावर चारी गायी ठेवण्याची वाट तिने स्वतःच बंद केली होती. दलाल मात्र नको म्हणाली. गाय बघून, माणूस बघून देईन.

माहेरच्या गायीची मोठी मुलगी आणि एक गाभण राहिली. दोन तरण्या द्यायच्या ठरल्या. घेणारा देऊळघाटचा होता, खारपाणपट्ट्याबाहेरचा. सकाळीच छोटा टेम्पो घेऊन आला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, ओठांच्या कोपऱ्यांत त्याचा तपकिरी रस. काका सकाळीच कुठेतरी निघून गेला होता. काकूने त्या माणसाला गोठा कसा आहे, सावली आहे का, दूध कोण काढतं, सगळं विचारलं. मग म्हणाली, "अन् पानी?"

"पानी गोड हाये. घाटावर हाओत ना आम्ही."

"गोड तं सगयेच म्हनतात."

तो माणूस जरा चमकला. मग टेम्पोच्या सीटमागून पाण्याची बाटली काढून त्याने पुढे केली. "घरचंच भरेल हाये. पाह्या."

बाटली अर्धी होती. तोंडाला खर्र्याचे कण चिकटलेले, आत पाण्यावर सुपारीचा एक बारीक तुकडा तरंगत होता. काकूने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पुन्हा घेतला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"इतकी वर्सं इथलं पेऊन मले आता कयत नाही," ती मला म्हणाली आणि बाटली माझ्यापुढे धरली. "तुमी पाहा, आत्याबाई."

मी पदराने बाटलीचं तोंड पुसलं. पुसून काही फरक पडला नाही. तंबाखूचा वास नाकात गेला. दोन्ही गायी दाव्याला उभ्या होत्या आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घोट घेतला, जिभेवर थांबवला, आणि थुंकले नाही, गिळला.

"गोड आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मग ती दावं सोडायला गेली.